तीन पायऱ्या

रात्रीचे नऊ वाजून गेले होते. मेडिकलसमोर नेहमीची गर्दी. रांग नव्हेच, काउंटरवर टेकलेली कोपरं आणि पुढे केलेल्या चिठ्ठ्या. त्या कोपरांमधून एका बाईंचा हात पुढे आला. पन्नाशी ओलांडलेली असावी. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. "पाय फार दुखतात हो, काहीतरी द्या." मेडिकलवाल्यानं मान वर न करता मागच्या खणातून पट्टी काढली, कात्रीनं चार गोळ्या कापल्या आणि खाकी पाकिटात टाकल्या. "सकाळ-संध्याकाळ. उपाशीपोटी नको." एक मिनिटही लागलं नाही. मग बाई दुकान उतरू लागल्या. दुकानाला तीन पायऱ्या, काळ्या कडप्प्याच्या, मधली झिजून मधोमध गुळगुळीत झालेली. बाईंनी पिशवी उजव्या हातात घेतली, डाव्या हातानं शटरची पट्टी धरली, अंग जरा आडवं केलं आणि उजवा पाय खाली टेकवला. मग डावा, त्याच पायरीवर. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. तीन पायऱ्यांना तीन थांबे. रस्त्यावर आल्यावर मात्र चाल जवळजवळ नेहमीसारखी, दोन रिक्षांच्या मधून वाट काढत त्या गेल्यासुद्धा.

त्या तीन पायऱ्यांनी जे सांगितलं ते काउंटरवर कुणी विचारलंच नव्हतं.

यात थोडा दोष आपल्या भाषेकडेही जातो. कमरेखाली सुरू होऊन नखांपाशी संपतं ते सगळं मराठीत 'पाय'. खुबा, मांडी, गुडघा, नडगी, पोटरी, घोटा, टाच, तळवा, चवडा हे शब्द घरोघरी माहीत आहेत, पण दुखायला लागलं की सगळ्यांचा मिळून एकच 'पाय' होतो. नुसत्या एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, त्यांचा हिशेब वेगळाच. डॉक्टर विचारतात, "कुठं दुखतं?" आणि पेशंटचा तळहात मांडीपासून घोट्यापर्यंत एकदा फिरतो: "हे असं, सगळंच." त्यातून फारसं हाती लागत नाही. "कधी दुखतं?" असं विचारलं तर मात्र माणसं फार नेमकं बोलतात. "सकाळी उठून पाय टेकवला की." "जिना उतरताना." "रात्री दोनला जाग आली ती अंगठ्यानंच." "नाक्यापर्यंत गेलं की पोटरी धरते." चार वाक्यं, चार वेगळी दुखणी. मेडिकलमधून चौघांनाही बहुधा एकच पट्टी मिळते.

सकाळच्या पावलाचंच घ्या. गजर होतो, पाय पलंगाखाली येतात आणि पहिल्या पावलाला टाचेत आतून खिळा ठोकल्यासारखी कळ. भिंतीला धरत, चवड्यावर तोल सांभाळत बाथरूम गाठायचं. आठ-दहा पावलांत कळ ओसरते, चहाला उकळी येईपर्यंत विसरायलाही होतं. दुपारी तासभर बसून उठलं की पुन्हा तेच. तळव्याखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पावलाची कमान तो धनुष्याच्या दोरीसारखा धरून ठेवतो. झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा रात्रभर आखडलेला राहतो, आणि सकाळी सगळं वजन एका दमात त्याच्यावर येतं. टाचेखाली, आतल्या अंगाला अंगठा दाबून पाहिलं तर दुखरी जागा लगेच सापडते. मग एक्स-रे होतो, त्यात टाचेखाली काट्यासारखं टोक दिसतं, आणि घरी येऊन 'हाड वाढलंय' असं जाहीर होतं. तसा काटा कधीही न दुखलेल्या पुष्कळ टाचांमध्येही असतो. दुखतो तो पट्टा, पण 'हाड वाढलं' या दोन शब्दांची धास्तीच इतकी की माणूस त्या दिवसापासून पाऊल जपून, वाकडं टाकायला लागतो आणि आठवड्याभरात गुडघाही कुरकुरायला लागतो.

याचा उपाय पलंगावरच सुरू करायचा असतो, पाय जमिनीला लागायच्या आधी. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, त्याच बाजूच्या हातानं बोटं मुळापासून धरून नडगीकडे ओढायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तळवा चाचपायचा. आत ताणलेल्या दोरीसारखं काही लागलं म्हणजे ताण बरोबर बसला. लागलं नाही तर बहुतेक बोटांची नुसती टोकं ओढली जातायत. दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा; त्यातली पहिली खेप सकाळच्या पहिल्या पावलाआधीची, ती चुकवायची नाही. मग पोटरी. भिंतीला हात, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, ३० सेकंद गुडघा सरळ ठेवून आणि ३० सेकंद किंचित वाकवून. दोन्ही हवेत, कारण पोटरीत दोन स्नायू असतात आणि गुडघा वाकवल्याशिवाय आतल्याला पुरता ताण बसत नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मागचं पाऊल बाहेरच्या बाजूला वळतं. बोटं सरळ भिंतीकडेच हवीत, नाहीतर ताण कमानीच्या आतल्या बाजूवर जातो आणि माणूस म्हणतो, व्यायामानं वाढलं.

ताणानं आराम पडतो, पण पट्ट्यात ताकद येते ती वजन पेलून. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली नॅपकिनची घट्ट गुंडाळी, टाच हवेत, हात कठड्याला. तीन आकड्यांत वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. १२ वेळा, अशा तीन फेऱ्या, आणि दिवसाआड. रोज नाही, कारण मधला दिवस दुरुस्तीचा. एका पायावर जड जात असेल तर आधी दोन्ही पायांवर करायचं. सोपं वाटू लागलं की पाठीवर मुलांचं दप्तर, त्यात दोन-तीन पुस्तकं. संध्याकाळी फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची छोटी बाटली नॅपकिनात गुंडाळून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवली तर बरं वाटतं, तेवढंच तिचं काम. हे सगळं तीन महिने धरून करावं लागतं, आणि गाडी अडते ती इथेच, कारण तिसऱ्या आठवड्यात थोडं कमी झालं की नॅपकिनची गुंडाळी परत कपाटात जाते. अधीर झालेले मग टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतात. त्यानं काही आठवडे कळ जाते हे खरं, पण पुन्हा पुन्हा टोचलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची नैसर्गिक गादी विरण्याचा धोका असतो, आणि ती गादी पुन्हा भरून येत नाही.

चपलांचा विषय आपल्या घरात नाजूक. उंबऱ्याच्या आत पायताण नको हा संस्कार शेणानं सारवलेल्या जमिनीवर घडला. ती जमीन थोडी दबायची. आता खाली विट्रीफाइड टाइल आहे, दगडापेक्षा कडक, आणि तिच्यावर अनवाणी दोन-अडीच तास ओट्याशी उभं राहून पोळ्या होतात. घरात वापरायची वेगळी, स्वच्छ, टाचेकडे दीड-दोन सेंटीमीटर उंच आणि जरा मऊ अशी चप्पल ठेवली तर देवाधर्माला धक्का लागत नाही, पण सासूबाईंना पटवणं हे पोटरीच्या ताणापेक्षा अवघड. ओट्याखाली एक बुटका पाट ठेवून आलटून पालटून एकेक पाय त्यावर ठेवायचा, ही तडजोड बहुतेक घरांत चालते. कोल्हापुरी चप्पल सुरेख दिसते, पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो, टाचदुखीच्या काळात तिला लग्नकार्यापुरतंच बाहेर काढावं. बूट निवडताना तो दोन्ही हातांत धरून वाकवून बघायचा: बोटांपाशी वाकला तर ठीक, कमानीत मोडल्यासारखा वाकला तर परत ठेवायचा. आणि एक जानेवारीला उठून एकदम दहा हजार पावलं सुरू करणाऱ्यांसाठी एक अवांतर माहिती. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या 'मानपो-केई' नावाच्या पाऊलमोजणी यंत्रातून आला. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मोजमाप'. टाचेला त्या आकड्याचं काही घेणंदेणं नाही. काल दोन हजार चाललेल्या टाचेला आज अडीच हजार झेपतात, दहा नाही.

आता जिना.

सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो, जिना चढताना तीनपटीच्या वर, आणि उतरताना साडेतीनपटीच्या आसपास. म्हणजे ६० किलोच्या बाईंच्या गुडघ्यातून प्रत्येक पायरीला २०० किलोंहून जास्त भार जातो. चढताना दम लागतो म्हणून चढणं अवघड वाटतं, पण गुडघ्याला उतरणं महाग पडतं. उतरताना खरं काम करतो तो वरच्या पायरीवर राहिलेला पाय. तो हळूहळू वाकत सगळं अंग खाली सोडतो, दोरखंड सैल करत बादली विहिरीत सोडावी तसं. मांडीचा पुढचा स्नायू ते दोरखंड धरून असतो. तो अशक्त झाला की बादली धपकन आपटते, तीही रोज, गुडघ्याच्या वाटीमागे आणि आतल्या बाजूच्या कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर. फिजिओथेरपीत म्हणूनच शिकवतात, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आधार किंवा काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे शेवटचं बहुतेकांना उलटं वाटतं. सिनेमातही काठी नेहमी दुखऱ्याच बाजूला असते. चालताना उजवा पाय आणि डावा हात बरोबर पुढे जातात, म्हणून डाव्या हातातली काठी उजव्या गुडघ्याचा भार बरोबर त्याच क्षणी उचलते. काठीची मूठ मनगटाच्या घडीला यावी. आजोबांची काठी आजींना दिली की ती चार बोटं उंच होते, खांदा वर चढतो आणि मान धरते.

झिजेच्या गुडघ्याची ओळख अशी: सकाळी थोडा आखडलेला, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो, बसून उठताना कुरकुरतो, वापरानं संध्याकाळी दुखतो, आत कटकट वाजतं. नुसत्या कटकटीला घाबरायचं कारण नाही, न दुखणारे गुडघेही वाजतात. एक्स-रे काढायचाच तर उभं राहून काढायला सांगायचा, कारण आडवं झोपलं की सांध्यातली फट खरी असते त्याहून रुंद दिसते. मग तो एक्स-रे उजेडाला धरून 'गॅप कमी झालाय' हे वाक्य येतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आता प्रत्येक पाऊल म्हणजे हाडावर हाड, तेव्हा चालणं बंद. इथून घसरण सुरू होते. चालणं बंद म्हणजे मांडी बारीक, मांडी बारीक म्हणजे गुडघ्यावर भार जास्त, भार जास्त म्हणजे दुखणं जास्त, शिवाय वजन चढतं ते वेगळं. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी घटतो. पाच किलोंचे वीस, तेही दिवसाच्या प्रत्येक पावलाला. वजनाचा सल्ला सगळे देतात, हे गणित क्वचितच कुणी मांडून दाखवतं.

मांडीसाठी महागडं यंत्र लागत नाही, स्वयंपाकघरातली न हलणारी खुर्ची पुरते. ती भिंतीला टेकवायची, हात छातीवर दुमडायचे, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून पूर्ण बसता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईंना १२ वेळा, पुरुषांना १४ वेळा तरी जमावं. कमी भरत असेल तर हीच चाचणी व्यायाम होते: उठताना दोन आकडे, बसताना चार, दहा वेळा, दिवसातून दोनदा. बसताना शेवटच्या चार बोटांत धप्पकन सोडून द्यायचं नाही, कारण सगळा फायदा त्या चार बोटांतच आहे. फार दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करायची आणि आठवड्याआठवड्यानं उशी पातळ करायची. त्याहीपेक्षा दुखत असेल तर पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, दहा आकडे, दहा वेळा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हा कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल किंवा सूज असेल तर मात्रा अर्धी करायची, बंद नाही. मांडी घालून बसणं, उकिडवं बसून कपडे धुणं, जमिनीवरचा संडास यांत गुडघा पूर्ण दुमडतो आणि आतला दाब फार वाढतो. जेवायला मांडी घालायचीच असेल तर पाटावर बसावं, चार इंचांचा फरकसुद्धा उठताना जाणवतो. संडासाला उंच सीट आणि भिंतीत हाताला धरायला स्टीलचा दांडा लावला की काम झालं. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम, आणि बहुतेक घरांत ते पडल्यानंतरच होतं.

ऑपरेशनला आपल्याकडे 'वाटी बदलली' म्हणतात, आणि गंमत अशी की वाटी पुष्कळदा आपलीच राहते. बदलतात ते मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांचे पृष्ठभाग, मध्ये प्लास्टिकची चकती. अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा २००० साली आणि उजवा २००१ साली मुंबईत ब्रीच कँडीला बदलला गेला, तेव्हापासून हा शब्द मध्यमवर्गीय घरांत रुळला. २०१७च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं सांध्यांच्या किमतींना लगाम घातला, सर्वसाधारण वापरातल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये अधिक कर अशी ठरली. हॉस्पिटलचं बाकीचं बिल अर्थातच वेगळं. झोपमोड करणारं दुखणं, पाय बाहेरून धनुष्यासारखा वाकलेला, आणि महिनोन्महिने मनापासून व्यायाम करूनही घराबाहेर पडणं अशक्य, अशा गुडघ्याला ऑपरेशन वरदान आहे. ऑपरेशनआधी सहा आठवडे खुर्चीचा व्यायाम केलेला माणूस नंतर लवकर उठतो, हे मात्र आधी कुणी सांगत नाही.

रात्री दोन वाजता अंगठ्यानं जागं केलेल्या माणसाला वरचं सगळं निरुपयोगी. त्याच्या पायाच्या अंगठ्याचं मूळ लालबुंद, चकाकणारं, गरम. अंगावरची चादर लागली तरी ओरडावंसं वाटतं, पंख्याचा वारासुद्धा झोंबतो. झोपताना काही नव्हतं, पहाटेपर्यंत पाय टेकवत नाही. हा गाउट. रक्तातलं युरिक अॅसिड दर डेसिलीटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहत नाही आणि सांध्यात सुईसारखे खडे धरतं. अंगठा शरीराच्या टोकाला, थंड, म्हणून बहुधा तिथेच आधी. आयुर्वेदात याला वातरक्त म्हणतात, आणि चरकसंहितेत त्याचं एक नाव 'आढ्यवात' असं आहे, म्हणजे धनिकांचा वात. आता तो मटण-कलेजी आणि बिअरवाल्यांपुरता उरलेला नाही; बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना, मूत्रपिंड अशक्त असणाऱ्यांना, भर उन्हात पाणी कमी पिणाऱ्यांनाही तो गाठतो. आपल्याकडे मात्र निदान होताच पहिला बळी जातो तूरडाळीचा, दुसरा पालकाचा, तिसरा टोमॅटोचा. युरिक अॅसिड बनतं ते प्युरिन नावाच्या घटकापासून, पण डाळी आणि पालेभाज्यांतल्या प्युरिनमुळे गाउटचा धोका वाढत नाही, हे दीर्घ पाहणीतून दिसलंय. धोका वाढवतात ते लाल मांस, काळीज-गुर्दा, तारली-बांगड्यासारखे मासे, बिअर आणि गोड शीतपेयं. वरण बंद करून बिअर चालू ठेवलेली माणसं कमी नाहीत. आणखी एक फसगत म्हणजे ऐन झटक्यात केलेल्या तपासणीत युरिक अॅसिड नॉर्मल येऊ शकतं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. युरिक अॅसिड उतरवणारं अॅलोप्युरिनॉल हे झटक्याचं औषध नाही, ते झटके येऊ नयेत म्हणून थोड्या मात्रेपासून सुरू करून वर्षानुवर्षं घ्यायचं, पातळी ६च्या खाली ठेवायची. बरं वाटलं म्हणून सोडलं की खडे पुन्हा जमायला सुरुवात. आणि अंगठ्याऐवजी गुडघा किंवा घोटा असा एकाएकी सुजून गरम झाला, सोबत ताप असला, तर गाउट समजून घरी बसायचं नाही. सांध्यात पू झालेला असू शकतो, आणि तो काही दिवसांतच सांधा खाऊन टाकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल.

सकाळी तासभर सगळंच आखडलेलं असेल, हातांची बोटं आणि पायांचे चवडे दोन्हीकडचे, आणि चालताना तळव्याखाली गोटे ठेवल्यासारखं वाटत असेल, तर ती झीज नसून ऱ्हुमॅटॉइड संधिवात असण्याची शक्यता मोठी. इथे घाई करावी, कारण पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळालं तर सांधे वाकडे होणं टळतं. त्यातलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. घरातल्या कुणी चुकून रोज द्यायला सुरुवात केली तर जिवावर बेततं, म्हणून पाकिटावर वाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहावं. तापानंतर घोटे आणि पावलं महिनोन्महिने धरून राहिली तर चिकुनगुन्या आठवावा. आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला हा शब्द, वेदनेनं वाकवून टाकणारा अशा अर्थाचा, १९५२-५३च्या साथीतून जगाला कळला. महाराष्ट्रात १९७३ साली बार्शीत त्याची साथ येऊन गेली होती, पण पुढची तीसेक वर्षं तो असा गायब झाला की २००६ला परत आला तेव्हा गावंच्या गावं लंगडताना पाहून लोकांना हा काही नवाच रोग वाटला. या तापात पहिल्या दिवसांत फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत दुखण्याच्या बाकीच्या गोळ्या नकोत, रक्तस्रावाचा धोका असतो.

नाक्यापर्यंत गेल्यावर धरणारी पोटरी वेगळीच. ठरावीक अंतर, ठरावीक जागा, नुसतं उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत मोकळी, पुन्हा तेवढंच अंतर. हे सांध्याचं नाही, रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं, आणि तंबाखू किंवा मधुमेह सोबत असेल तर नक्की तपासायचं. उभं राहून न थांबता, खाली बसलं किंवा पुढे वाकलं तरच बरं वाटत असेल तर पाय निर्दोष, दोष कण्यातला. भाजीची ढकलगाडी ढकलताना जे आरामात चालतात आणि हात मोकळे असले की चालू शकत नाहीत, ते बहुधा यातले.

उरली संध्याकाळ, तेलाच्या वाटीची वेळ. पाय चेपून घेण्यासारखं सुख नाही; वारीच्या वाटेवर, दिवे घाट चढून सासवडला पोहोचलेल्या वारकऱ्यांचे पाय अनोळखी माणसं मांडीवर घेऊन चोळतात तेव्हा त्या चेहऱ्यांवर ते दिसतं. तेल कुठलंही असो, निर्गुडीचं की नारायण, थकलेले स्नायू सैल होतात ते मुख्यतः चोळण्यानं आणि उबेनं. चेपायचा नाही तो एकच पाय: दोघांतला एक पोटरीत अचानक सुजलेला, जड, गरम, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर. आत रक्ताची गुठळी असेल तर चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आणि मधुमेह असेल तर गरम पाण्याची बादली जपून. बधिर तळव्याला पाणी किती गरम आहे ते कळत नाही, सकाळी फोड दिसतात तेव्हा कळतं. पाण्याचा अंदाज पायानं न घेता कोपरानं घ्यायचा, तोही शक्यतो दुसऱ्याच्या. मधुमेह्याचं पाऊल लाल, सुजलेलं, गरम आणि तरीही फारसं न दुखणारं असेल तर त्याला मुरगळ म्हणून सोडू नये. आतली हाडं खचत असतात, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्यावरच चालत राहतो.

आता त्या चार गोळ्या. बहुधा एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी असणार, काउंटरवर भरपूर खपते ती हीच. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा कोपर काउंटरवर. ज्यांना बीपीची गोळी चालू आहे, त्यात लघवीची गोळीही आहे, त्यांच्या मूत्रपिंडांना ही तिसरी फार जड जाते. हृदयासाठी रोज छोटी अॅस्पिरिन घेणाऱ्यांच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो. "आणखी कुठली गोळी चालू आहे?" हा एक प्रश्न विचारायला चार सेकंद लागतात. त्याऐवजी डायक्लोफिनॅकची जेल गुडघ्याला बरी, सांधा कातडीजवळ असल्यामुळे ती तिथवर पोहोचते. खुब्याला लावून उपयोग नाही, तो फार खोल. पण माणसं हरभऱ्याएवढी लावतात. मात्रा एका खेपेला २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा, आठवडाभर तरी, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दोन ते पाच दिवसांत संपायला हवी. दिवाळीत घेतलेली संक्रांतीला अर्धी उरली असेल तर ती लागूच पडलेली नाही. वरून शेक किंवा घट्ट पट्टा बांधायचा नाही, कातडी भाजते. आणि कुणी पुडीतलं बिननावाचं चूर्ण दिलं, आणि दोन दिवसांत जादू झाली, तर त्या जादूत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता फार. चेहरा गोल होऊ लागला की समजावं.

मेडिकलवाल्याला नावं ठेवणं सोपं आहे. रात्रीचे नऊ, समोर सात कोपरं, त्यातलं एक तापलेल्या पोराच्या बापाचं. त्यानं बाईंना जिना, खुर्ची, टॉवेलची गुंडाळी समजावत बसावं अशी अपेक्षा कोण करणार? बाईंनाही ऐकायला वेळ नव्हता, मेथी निवडायची होती. ओपीडीत जायचं तर अर्ध्या दिवसाची रजा, आणि तिथेही पुष्कळदा शेवटी हीच पट्टी, फक्त चिठ्ठीवर लिहून. गोळीनं उद्याचा दिवस उभा राहतो, हेही खरंच. तरी पाकीट देताना "पायऱ्या उतरताना दुखतं, की सकाळी?" एवढं जरी कुणी विचारलं असतं, तर पुढची दोन वाक्यं आपोआप आली असती.

पण त्या उतरल्या कशा हे पुन्हा आठवलं की थोडं थांबायला होतं. उजवा पाय आधी खाली, म्हणजे दुखरा पाय आधी. शटरची पट्टी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. अंग आडवं, म्हणजे गुडघा कमीत कमी वाकेल असं. फिजिओथेरपीच्या तक्त्यावर छापतात ते सगळं, कुणी न शिकवता, भाजीची पिशवी सांभाळत. तीन पायऱ्यांचा तो मार्ग त्यांच्या गुडघ्यानं किती जिन्यांवर, किती महिने खर्ची घालून शोधला असेल कोण जाणे. मधली झिजलेली पायरी मात्र त्यांनी मधोमध टाळून कडेनं धरली होती. तिथे, शटरच्या पट्टीवर, खांद्याच्या उंचीला, रंग उडून हातभर पत्रा चकचकीत झालेला आहे. ती पट्टी धरून उतरणाऱ्या त्या एकट्या नसणार.